'बोल'चं वऱ्हाड की वारी?

शब्दवेडी :
एका क्रीडालेखाचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच ओळीला गाडी रुतली आहे. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे फॅन्स 'अवे बोल गेम'ला निघालेत, एवढंच ते वाक्य. बोल गेम म्हणजे हंगाम संपल्यावर निवडक संघांना आमंत्रण देऊन खेळवतात तो सामना. मी लिहिलं, 'महाविद्यालयीन फुटबॉलचे चाहते परगावी होणाऱ्या बाउल सामन्यासाठी प्रवास करत आहेत.' वाचून पाहिलं तर एसटी स्टँडवरची घोषणा वाटते. बाउल लिहायचं की बोल? 'अवे'ला काय म्हणायचं? आणि आपल्या संघामागे एवढ्या लांब जाणाऱ्या माणसांसाठी एखादा नेमका शब्द सुचतो का? मला 'वारकरी' सुचलाय, पण लिहायला हात धजत नाही.

क्रीडापान :
बोल. बोलर, बोलिंग लिहितो तसंच. 'बाऊल' हॉटेलांच्या मेनूकार्डांनी रूढ केला, सूपपुरता तो राहू दे. मला तर बाऊल म्हटलं की एकतारी घेतलेले बंगाली गायकच दिसतात.

मात्र 'बोल'लाही जपायला हवं. यातला सगळ्यात जुना सामना रोझ बोल. त्यातला 'झ' गाळून 'रोज बोल' छापलंत तर तो आज्ञार्थ होतो. शुगर बोल म्हणजे तर संक्रांतीचा निरोपच.

'अवे'बद्दल : क्रीडापानावर यजमान संघ आणि पाहुणा संघ हे शब्द मुरलेले आहेत, तेव्हा 'परगावचा सामना' चालेल. पण बोल सामना शक्यतो दोघांपैकी कोणाच्याच गावात नसतो ना? मग तो 'अवे' कसा? आपण त्याला त्रयस्थ मैदान म्हणतो. २०१६-१७ च्या हंगामात रणजीचे सगळे सामने त्रयस्थ मैदानांवर झाले, तेव्हा हा शब्द लिहून लिहून आम्ही कंटाळलो होतो.

कोलंबसकर :
ओहायोत वीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल, आधीच माफी मागतो.

हा 'बोल' मुळात मैदानाचा. येल विद्यापीठाने १९१४ मध्ये न्यू हेवनला जमीन खोल खणून मैदान केलं आणि निघालेली माती भोवती रचून तिच्यावर बसायच्या पायऱ्या केल्या. आकार वाडग्याचा, म्हणून येल बोल. ते डोळ्यांपुढे ठेवून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला १९२२ मध्ये रोझ बोल उभारला. गंमत म्हणजे बांधला तेव्हा तो घोड्याच्या नालेसारखा होता, एक बाजू उघडीच. ती १९२८ मध्ये बंद झाली. म्हणजे नाव आधी आणि वाडगा नंतर.

सामना तर नावाहूनही जुना. हिवाळ्यातही आमच्याकडे गुलाब फुलतात हे पूर्वेच्या गारठलेल्या लोकांना दाखवायला पॅसाडिनाकरांनी १८९० मध्ये फुलांची मिरवणूक सुरू केली. १९०२ मध्ये तिला फुटबॉलची जोड दिली. मिशिगनने स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं आणि वेळ संपायच्या आत स्टॅनफर्डने मैदान सोडलं. संयोजकांनी धसका घेतला, फुटबॉल बंद केला आणि पुढे काही वर्षं चक्क रथांच्या शर्यती लावल्या. फुटबॉल परतला तो १९१६ मध्ये. नवं मैदान झाल्यावर मैदानाचं नाव सामन्याला चिकटलं आणि मग ऑरेंज, शुगर, कॉटन अशी रांगच लागली.

आता तो शब्द भांड्यापासून पार सुटलाय. पर्ल हार्बरनंतर पश्चिम किनाऱ्यावर गर्दी जमवायला बंदी आली, म्हणून १९४२ चा रोझ बोल देशाच्या दुसऱ्या टोकाला, नॉर्थ कॅरोलायनातल्या डरॅमला झाला. कोविडच्या काळात, १ जानेवारी २०२१ ला, तो टेक्ससमध्ये झाला. कॉटन बोलचा सामना २०१० पासून आर्लिंग्टनला होतो आणि कॉटन बोल नावाचं मैदान आहे डॅलसला, तिथेच उभं. शुगर बोल सुपरडोम नावाच्या मैदानात होतो, त्याला तर वर छप्पर. म्हणजे झाकण घातलेला वाडगा.

त्यामुळे 'वाडगा सामना' असलं काही करू नका. 'बोल'च ठेवा.

क्रीडापानसाहेब, त्रयस्थाचं म्हणणं कागदावर बरोबर आहे. एकाला नावापुरता यजमान ठरवतात, तो जर्सीचा रंग वगैरे ठरवण्यापुरता. पण मैदान त्रयस्थ असलं तरी गाव त्रयस्थ असतंच असं नाही. रोझ बोल हे १९८२ पासून यूसीएलए या विद्यापीठाचं घरचं मैदान. लुइझियाना स्टेटने २०२० च्या जानेवारीत लुइझियानातल्याच न्यू ऑर्लीन्सला अजिंक्यपद जिंकलं, तेव्हा ते कागदोपत्री त्रयस्थ ठिकाणी होते आणि प्रत्यक्षात शेजारच्या आळीत. समोरचे क्लेम्सनवाले मात्र पुरते परगावी. 'अवे' बहुधा याच अर्थाने आलाय.

शब्दवेडी :
म्हणजे मला आधी बघावं लागेल की लेखातला संघ नक्की कुठून कुठे चाललाय. बघते. आता वारकऱ्यांचं बोला.

टेकडीवरचा :
माझी हरकत आहे, आणि ती भावना दुखावल्याची नाही. 'वारी' हा शब्द आपण कधीच सैल केलाय. दिल्लीवारी, अमेरिकावारी, कोर्टाच्या वाऱ्या, सगळं चालतं. अडचण अर्थाची आहे. वारीला ठिकाण ठरलेलं, तिथी ठरलेली, आणि दरवर्षी जायचं म्हणून जायचं. बोलला यंदा कुठे जायचं, जायचं तरी का, हे डिसेंबर उजाडेपर्यंत माहीत नसतं. शिवाय पंढरीला समोरून दुसरा पक्ष येत नाही. तिथे कोणाला हरवायचं नसतं.

हे लोक आपल्याच कॉलेजच्या मैदानावर हंगामभर दर शनिवारी जातात ना? त्याला खुशाल वारी म्हणा.

वैदर्भी :
अहो, हे तर सरळसरळ वऱ्हाड आहे! आमंत्रण येतं, मग लोक निघतात. तारीख ठरलेली, कार्यालय तिसऱ्याच गावचं. दोन्ही पक्षांचे लोक आपापल्या रंगात, पुढे बँड. आणि प्रत्येकाला खात्री की आपलीच बाजू तालेवार. आम्हां अकोल्याकडच्यांना 'वऱ्हाडी' म्हटलं की आधी गाव आठवतं ते सोडा, पण 'वऱ्हाड निघालं' म्हटलं की मराठी माणसाला चित्र समजावून सांगावं लागत नाही.

कोलंबसकर :
ताई, जिंकलात! आता मला सगळंच जुळताना दिसायला लागलंय. बोलचं खरोखरच आमंत्रण असतं, इथेही तोच शब्द वापरतात. संघ उतरतो ते हॉटेल म्हणजे जानवसा. संयोजक खेळाडूंना भेटी देतात, त्यांची मर्यादा वर्षानुवर्षं माणशी ५५० डॉलर, हा झाला मानपान.

आणि एक वाक्प्रचार सुटला. अमुक संघाचे फॅन्स 'ट्रॅव्हल वेल', असं इथे म्हणतात. शब्दवेडी, हे लेखात येणारच, तेव्हा 'चांगला प्रवास करतात' असं लिहू नका, विमानात उलट्या होत नाहीत असा अर्थ निघेल. मतलब हा की यांच्यामागे माणसं ढिगाने येतात. आमंत्रण देताना संयोजक खेळाबरोबर हेही तोलतात, कारण हॉटेलं भरायची असतात. याला 'यांचं वऱ्हाड दांडगं' म्हणा.

वऱ्हाड आलं नाही तर काय होतं तेही सांगतो. २०११ च्या फिएस्टा बोलला कनेटिकटचा संघ ॲरिझोनाला गेला. विद्यापीठाने १७,५०० तिकिटं आपल्या अंगावर घ्यायची असा करार होता. त्यातली निम्मीसुद्धा खपली नाहीत. सामना हरले ४८-२०, आणि आमंत्रणाचा मान मिळवून विद्यापीठाला दहा लाख डॉलरच्या वर खोट बसली. पत्रावळी मांडल्या आणि पंगत रिकामी.

क्रीडापान :
शब्द आवडला, पण एक शंका. लग्न एकदाच लागतं. प्लेऑफ, म्हणजे अजिंक्यपदासाठीची बाद फेरी, वाढल्यावर एकाच संघाला एका हिवाळ्यात दोन-तीन ठिकाणी जावं लागतं म्हणे. मग वऱ्हाडं किती?

कोलंबसकर :
नेमकं दुखणं काढलंत. २०२४ च्या हंगामापासून प्लेऑफ बारा संघांचा झाला. पहिली फेरी कॉलेजांच्याच मैदानांवर. २१ डिसेंबरला टेनेसीवाले आमच्या ओहायो स्टेटशी खेळायला कोलंबसला आले. तो खरा परगावचा सामना, 'अवे' शब्दाला पुरेपूर जागणारा. कडाक्याच्या थंडीत नारिंगी कपड्यांचे लोंढे आमच्या मैदानात शिरलेले पाहिले. आम्ही ४२-१७ जिंकलो, पण वऱ्हाड म्हणून त्यांना पैकीच्या पैकी गुण.

मग नवीन वर्षाला रोझ बोल, पॅसाडिना. नऊ दिवसांनी कॉटन बोल, आर्लिंग्टन. २० जानेवारीला अंतिम सामना, अटलांटा. मुलगा ओहायो स्टेटचा विद्यार्थी, म्हणून आम्ही फक्त अटलांटाला गेलो, साडेआठ-नऊ तास गाडी हाकत. तिन्हीकडे जाऊन आलेले लोक तिथे भेटले आणि त्यांचा क्रेडिट कार्डाचा आकडा ऐकून बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच गेलो होतो.

वाटेत पेट्रोल भरायला थांबलो की कोणी अनोळखी माणूस 'ओ-एच' अशी हाळी देई आणि आपसूक आपल्या तोंडून 'आय-ओ' निघे. 'गणपती बाप्पा' ऐकल्यावर 'मोरया' निघतं तसंच. त्या क्षणी मला ते लग्नाचं वऱ्हाड वाटलं नाही, हे कबूल करतो. तिथे दिंडीच आठवली.

टेकडीवरचा :
पाहा, शेवटी माणूस पंढरीच्याच वाटेवर येतो. तरी माझी हरकत कायम.

शब्दवेडी :
'वऱ्हाड' पक्कं. आता पुढच्याच परिच्छेदात 'टेलगेटिंग' आहे. म्हणजे मैदानाबाहेर गाड्या लावून, मागचं दार पाडून, तिथेच खाणंपिणं. दोन पिढ्या निवांत बसलेल्या असतात म्हणे. याला 'वाहनतळ सहभोजन' सुचलं आणि माझं मलाच हसू आलं.

वैदर्भी :
ट्रकच्या मागच्या फळीला मराठीत 'फाळका' म्हणतात. फाळका पाडून बसणं आम्हाला नवीन नाही. कापूस विकायला नेला की नंबर लागेपर्यंत ट्रॉलीजवळच भाकरी सोडायची. 'फाळका-पार्टी' लिहा. ज्याने ट्रक रिकामा करताना एकदा तरी पाहिलाय, त्याला लगेच कळेल.

क्रीडापान :
शहरातल्या वाचकाला फाळका म्हटलं की आडनाव आठवेल. पहिल्यांदा येईल तिथे 'गाडीचा फाळका पाडून मांडलेली पंगत' असं उलगडून लिहा, मग पुढे 'फाळका-पार्टी' चालेल.

शब्दवेडी :
घ्या. लेख उघडून पाहिला, संघ अलाबामाचा आणि सामना पॅसाडिनाला. म्हणून : 'रोझ बोलचं आमंत्रण आलं आणि अलाबामाचं वऱ्हाड पॅसाडिनाच्या वाटेला लागलं.' 'प्रवास', 'चाहते', 'परगाव' तिन्ही गळाले, तरी काही हरवल्यासारखं वाटत नाही.

आता एकच. लेखाच्या शेवटी ते हरतात. हरून परतणाऱ्या वऱ्हाडाला काय म्हणू?

वैदर्भी :
मुलीकडचे म्हणा. मांडवातून निघताना डोळे पुसणारे तेच.