हमव्हीची बॅटरी काढणं: कामाचा शारीरिक भार कसा मोजायचा?

प्रश्न (स्पॅनर_१७): अमेरिकी लष्कराच्या हमव्हीच्या (जीपसारखी चारचाकी लष्करी गाडी) देखभालीवर प्रकल्प करतोय. पुढच्या उजव्या सीटखाली 12 व्होल्टच्या दोन 6टी (लष्करी गाड्यांचा ठरलेला आकार) बॅटऱ्या असतात, एजीएम (आम्ल काचतंतूंच्या थरात शोषलेलं असतं तो बंद प्रकार) असेल तर एकेक सुमारे 40 किलोची. कामाच्या भाराच्या तक्त्यात 'उचलणे: 40 किलो' एवढं लिहून भागेल का?

मोजपट्टी: नाही भागणार. काट्यावरचं वजन हा अर्धाच आकडा. दोन घोट्यांच्या मधोमध एक बिंदू धरा, तिथून पकडीपर्यंतचं आडवं अंतर टेपनं मोजा. नायॉश, म्हणजे कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकी सरकारी संस्था, तिच्या सूत्रात उचलायच्या वजनाची मर्यादा 23 किलोपासून सुरू होते आणि अडचणींप्रमाणे कमी होत जाते. हे अंतर 25 सेंमी असेल तर कपात नाही, 50 झालं की थेट निम्मं. समजा अंतर 50, पकडीची उंची 90, खाली ठेवताना उतार 60 सेंमी आणि कंबर 45 अंश वळलेली. मर्यादा येते सुमारे 8.4 किलो. म्हणजे 40 किलोची बॅटरी पावणेपाच पट! आणि हे सूत्र मोकळ्या जागेत उभं राहून दोन्ही हातांनी उचलण्यासाठी आहे. केबिनमध्ये एक गुडघा टेकून ओढत असतील तर खरा भार याहून जास्तच धरा.

स्पॅनर_१७: पण ओपॅटमध्ये (अमेरिकी लष्कराची भरतीची शारीरिक चाचणी) सगळ्यात वरच्या गटाला 160 पौंडांचं डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) आहे, म्हणजे सुमारे 73 किलो. मग 40 किलो का जड?

बेंचवाइस: ओपॅटमध्ये हेक्स बार (षटकोनी चौकटीचा दांडा) असतो, माणूस बारच्या आत उभा. वजन अंगालगत राहतं, कंबर वळत नाही. शिवाय ती भरतीची चाचणी, माणसाची ताकद मोजते. कामाला काय लागतं ते वेगळं मोजावं लागतं.
'दोघांनी उचलावं' असं लिहिण्याआधी दाराशी दुसऱ्याचे हात बॅटरीपर्यंत पोचतात का ते बघा. बहुतेकदा एकच जण वाकतो आणि दुसरा वाट बघतो.

घामाघूम: हृदयाचे ठोके मोजत असाल तर जपून. उन्हात तापलेल्या गाडीत ठोके गरमीनंही वाढतात, नट घट्ट धरून ठेवल्यावरही. ऑक्सिजनचा वापर तेवढा वाढलेला नसतो. त्यामुळे नुसत्या ठोक्यांवरून काढलेला कष्टाचा आकडा फुगतो. शेजारी तापमान नोंदवा, आणि झटका किती व धरून ठेवणं किती सेकंद, ते वेगळं लिहा.

मोजपट्टी: नटांसाठी पान्याच्या टोकाला ताणकाटा लावा. समजा नटाला 600 न्यूटन-मीटर पीळ लागतो, तर 1 मीटरचा पाना म्हणजे 600 न्यूटन, सुमारे 61 किलोचा जोर. गंजलेला नट सुटताना घट्ट करण्यापेक्षा जास्त मागतो, म्हणून मोजणी सोडवताना घ्या.