मदत हवी आहे: प्रदीप भिडेंच्या बातम्यांच्या व्हीएचएस कॅसेट

वृत्तनिवेदक प्रदीप भिडे 2022 मध्ये गेले. मुंबई दूरदर्शनवरचा त्यांचा तो ठाम, स्वच्छ आवाज घरगुती कॅसेटवर शिल्लक आहे, तो वाचवायचाय. ई-180 च्या चार कॅसेट आहेत, म्हणजे साध्या वेगात प्रत्येकी 3 तास.

दोन कॅसेटमध्ये खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसते. त्या अजून लावलेल्या नाहीत. बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, बसली की चित्र जातं आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते. फीत न ताणता सफाई करणारं पुण्या-मुंबईत कोणी आहे का?

उरलेल्या दोन चालतात, पण चित्राचा वरचा भाग वाकडा होतो. कॅसेट संगणकात उतरवणाऱ्या स्वस्त यूएसबी कॅप्चरवर मधल्या फ्रेम गळतात, मग ओठ आणि आवाज जुळत नाहीत. वृत्तनिवेदकाच्या बाबतीत हे चालणारच नाही! सेटिंग पाल (PAL, आपल्याकडची टीव्ही पद्धत), 720×576, सेकंदाला 25 फ्रेम असंच आहे. टाइम बेस करेक्टर (वाकडं, हलणारं चित्र सरळ करणारी सोय) असलेला चालू व्हीसीआर कोणाकडे भाड्याने मिळेल?

शिवाय कॅसेटवर तारखा नाहीत. ठळक बातम्या जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून बघायच्या आहेत. जुने अंक चाळू देणारं ग्रंथालय सुचवा.