मदत हवी आहे: बाबांच्या कॅसेटला बुरशी लागलीय

नमस्कार मंडळी. सध्या रोज दिवेलागणीला अमीर खाँसाहेबांनी गायलेला मारवा राग ऐकतेय. कोमल रिषभ (रे), पंचम (प) वर्ज्य, आणि षड्जावर (सा) टेकायला किती वेळ लावतात! जीव नुसता टांगणीला लागतो.

त्यावरून बाबांच्या कॅसेट आठवल्या आणि माळ्यावरची पेटी खाली काढली. रेडिओवरच्या मैफली ते सी-९० वर टेप करायचे, एका बाजूला ४५ मिनिटं. एका कॅसेटवर त्यांच्या अक्षरात फक्त ‘मारवा की पुरिया?’ असं लिहिलंय, गायकाचं नाव नाही. दोन्ही रागांचे सूर तेच. मारव्यात जोर रिषभ-धैवतावर (रे-ध), पुरियात गंधार-निषादावर (ग-नि). म्हणजे ऐकल्याशिवाय उत्तर मिळणार नाही. पण फितीच्या कडेला पांढरी बुरशी आलीय. बुधवार पेठेतल्या एका दुकानात लावून बघितली, तर फीत रोलरमध्ये अडकून चुरगळली. घरी येऊन पेन्सिलीने हळूहळू आत घेतली. आता पुन्हा लावायचा धीर होत नाही.

पुण्यात बुरशी साफ करून, फीत दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवून डिजिटल करून देणारं कुणी आहे का? स्वतःचं काम करून घेतलं असेल तर कृपया जरूर सांगा. कुरिअरने पाठवायची नाही, मी स्वतः घेऊन जाईन.

आणि तोवर कान तयार करायचाय. तुम्ही सध्या कुणाचा पुरिया ऐकताय?