मदत हवी आहे: सँडविच बुडाचं पातेलं इंडक्शनवर डुगडुगतंय, शिवाय काठाला उभ्या चिरा

नमस्कार मंडळी,

स्टीलच्या भांड्यांचा छोटा कारखाना आहे. आजवर एकेरी पत्र्याची पातेली, डबे, झारे-पळ्या हेच काम. आता इंडक्शनवर चालणारं जाड बुडाचं पातेलं स्वतः डिझाइन करून काढायला घेतलंय आणि दोन जागी गाडी अडलीये. नुसतं "पत्रा जाड घ्या" सांगणारे आजूबाजूला भरपूर आहेत. कारण समजावणारं कोणी हवंय.

भांडं कसं आहे ते आधीच सांगतो. व्यास २०० मिमी, उंची १०० मिमी. अंग ०.८ मिमी जाडीच्या ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक जात) पत्र्याचं, ३५५ मिमीच्या सर्कलमधून (गोल कापलेल्या पत्र्यातून) हायड्रॉलिक प्रेसवर एकाच ड्रॉमध्ये (पत्रा डायमध्ये दाबून खोल करण्यात) काढलेलं. बुडाखाली ४ मिमी अ‍ॅल्युमिनियमची चकती आणि तिच्याखाली ०.५ मिमी ४३० ची (दुसऱ्या जातीच्या स्टीलची) टोपी. ४३० ला चुंबक चिकटतो, इंडक्शनला तेच लागतं. तिन्ही थर तापवून इम्पॅक्ट प्रेसच्या एका ठोक्यात चिकटवतो. मग बुडाला बेल्ट (घासपट्टा), शेवटी बफ (चकाकीचं चाक).

अडचण पहिली. पॉलिश होऊन आलेलं भांडं सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवलं तर बुडाखाली फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांचं) ०.०५ मिमीचं पानसुद्धा शिरत नाही. इतकं सपाट. तेच भांडं तळाशी चमचाभर तेल घालून इंडक्शनवर पूर्ण पॉवरला ठेवलं की थोड्याच वेळात बूड खाली फुगतं. तेल मध्यभागी गोळा होतं आणि हँडलला बोट लावलं तरी भांडं काचेवर गिरकी घेतं. गार झालं की बहुतेक वेळा जागेवर येतं, पण तापलेलं तसंच नळाखाली धरलं तर फुगवटा कायमचा. गॅसवर कोणाची तक्रार नाही, कारण जाळीच्या टोकांवर बसलेल्या भांड्याचं बूड फुगलंय हे कळतच नाही.

चकती ५ मिमी करून पाहिली. त्रास कमी होतो, पण भांडं जड होतं. टोपी ०.८ ची केली तर आमच्या प्रेसचा जोर पुरत नाही आणि मध्ये मध्ये जोड सुटा राहतो. कमी पॉवरला काहीच होत नाही, पण गिऱ्हाइकाला "हळू तापवा" असं किती दिवस सांगणार?

अडचण दुसरी. पत्र्याचा नवा लॉट आल्यापासून सुरू झाली. प्रेसमधून निघताना भांडं निर्दोष असतं. मांडणीवर एक-दोन दिवस राहिलं की काठापासून खाली सरळ उभी चीर जाते. कोणी हात न लावता! पुरवठादार ३०४ च आहे म्हणतो. मीही चुंबक लावून बघितला, कोऱ्या पत्र्याला चिकटत नाही. चिरलेल्या काठाला मात्र थोडा ओढतो. हे काय गौडबंगाल आहे?

जाता जाता: हँडल रिव्हेटने लावावं की स्पॉट वेल्डने?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– धागाकर्ता

पत्र्याचा वैद्य

चिरांपासून सुरुवात करतो, कारण त्या माझ्या ओळखीच्या आहेत.

चुंबकाने ३०४ ओळखता येत नाही. कोऱ्या ३०४ ला चुंबक चिकटत नाही, तसाच २०२ लाही चिकटत नाही. दोन्ही एकाच कुळातले. फरक पोटात आहे. ३०४ मध्ये १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम आणि निदान ८ टक्के निकेल. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्क्यांवर आणलेलं असतं आणि त्याची जागा साडेसात ते दहा टक्के मँगनीज भरून काढतं. बाजारात याहूनही कमी निकेलचे प्रकार फिरतात आणि पॉलिश केल्यावर सगळे सारखेच चकाकतात.

निकेल कमी पडलं की पत्रा ड्रॉ होताना त्याची रचना बदलते, मार्टेन्साइट तयार होतं. ते कडक, ठिसूळ आणि चुंबकाला चिकटणारं. तुमचा चिरलेला काठ चुंबक ओढतो तो त्यामुळे. अर्थात खऱ्या ३०४ चा काठही ड्रॉनंतर थोडा ओढतोच, त्यामुळे तेवढ्यावरून निकाल देऊ नका.

आता उशिरा का फुटतं? ड्रॉमध्ये सर्वात जास्त हाल काठाचे होतात. तुमच्या सर्कलचा घेर आवळत आवळत २०० च्या घेरात बसतो. भांडं डायमधून सुटलं तरी तो ताण काठात गोलाकार अडकून राहतो. ठिसूळ रचना, अडकलेला ताण आणि पत्र्यातला अंशभर हायड्रोजन हे तिन्ही जमले की चीर सवडीने चालते. ताण गोलाकार, म्हणून चीर उभी.

तुमचा ड्रॉ काही अघोरी नाही. २०० व्यास आणि १०० उंचीला सर्कल हिशेबाने ३४६ निघतं, ३५५ म्हणजे ट्रिमिंगची सोय धरलेली दिसते. सर्कल आणि भांड्याच्या व्यासाचं गुणोत्तर १.७८. चांगल्या ३०४ ला पहिल्या ड्रॉमध्ये २ पर्यंत सहसा अडचण नसते, त्यामुळे एवढ्यावर तो असा फुटू नये. माझा संशय पत्र्यावरच आहे. एक तुकडा स्पेक्ट्रोला (धातूतले घटक मोजणाऱ्या तपासणीला) द्या, निकेल आणि मँगनीज दोनच आकडे बघा.

तोवर हातात आहे त्या लॉटचं काय? काठ त्याच पाळीत ट्रिम करा. वरच्या लाटांच्या पट्टीतच सर्वात जास्त ताण असतो, ती उडाली की बरीच भांडी वाचतात. पत्रा गार असला की मार्टेन्साइट जास्त होतं, तेव्हा थंडीच्या दिवसांत सकाळचे पहिले नग अधिक जपा. अ‍ॅनीलिंगची (ताण काढायला तापवण्याची) भट्टी असेल तर १०१० ते ११२० अंशांना तापवून झटकन गार करणं हा पक्का इलाज. रेंगाळत गार केलं तर ८५० ते ४५० अंशांच्या टप्प्यात क्रोमियम कार्बाइड होऊन बसतं आणि पुढे तिथेच गंज धरतो.

नवशिका लोहार

वाचतोय. तव्याच्या बाबतीत हाच डुगडुगण्याचा त्रास आहे.

झारा-पळी

बुडाचं सोपं आहे. इंडक्शनची उष्णता खालच्या टोपीतच तयार होते. खालचा थर आधी तापतो, आधी वाढतो, म्हणून बूड खाली वाकतं. चकती आणखी जाड करणं हाच उपाय.

उष्मागतिक

झारा-पळी, उष्णता टोपीत तयार होते हे बरोबर, पण पुढचा हिशेब जुळत नाही. २ किलोवॉट उष्णता १८० मिमी व्यासाच्या बुडातून वर जाते असं धरा. ४ मिमी अ‍ॅल्युमिनियम ओलांडताना तापमान जेमतेम दीड अंशाने उतरतं. वरच्या ०.८ मिमी स्टीलमध्ये आणखी चारेक अंश. एवढ्याने बूड डोळ्यांना दिसेल इतकं वाकत नाही.

खरा फरक आडवा आहे, मधून कडेकडे. इंडक्शनची कॉइल बऱ्याचदा बुडापेक्षा लहान असते. मधला भाग तापतो. भिंत ०.८ मिमी स्टीलची, ती उष्णता फारशी वाहत नाही, म्हणून थंडच राहते आणि चाकाला धाव बसवावी तशी बुडाला आवळून धरते. २०० मिमीची सुटी अ‍ॅल्युमिनियमची चकती १५० अंशांनी तापली तर सुमारे ०.७ मिमी वाढेल. इथे वाढायला जागा नाही, मग ती वर तरी जाणार किंवा खाली तरी. निव्वळ भूमितीने पाहिलं तर २०० मिमीच्या रुंदीत ०.१ मिमी जागा कमी पडली तरी अडीच मिमीहून जास्त बाक येतो. भिंतही थोडी ताणते, म्हणून प्रत्यक्षात एवढा दिसत नाही.

दिशा कोण ठरवतं? एक, भिंत बुडाला वरच्या कडेशी जोडलेली आहे, आवळते ती तिथे, त्यामुळे खालची बाजू जास्त मोकळी. दोन, बुडाचा आधीचा कल. कल खाली असेल तर दोन्ही जोर एकाच दिशेने लागतात. वर असेल तर एकमेकांना खातात. म्हणून तर जाड बुडाची भांडी थंड असताना मध्ये किंचित वर उचललेली ठेवतात.

धागाकर्त्याला माझा प्रश्न एकच: तुम्ही सपाटी मोजता ती बेल्टच्या आधी की नंतर?

आणि नळाखाली धरण्याबद्दल: तापलेलं अ‍ॅल्युमिनियम मऊ असतं. वरचा थर एकदम आखडला की ते दबतं आणि तसंच राहतं. माहितीपत्रकात ठळक लिहा, दुसरा उपाय नाही.

धागाकर्ता

नंतर. पॉलिशवाल्याकडून आल्यावर.

बफवाला

मग तिथेच पाणी मुरतंय. आयुष्य बेल्टवर गेलंय, म्हणून सांगतो. सँडविच बूड ठोक्यातून निघून गार झालं की मध्ये खाली आलेलं असतं, कारण गार होताना वरचं ३०४ जास्त आखडतं आणि खालचं ४३० कमी. अंशामागे ३०४ दशलक्षात साधारण १७ भाग आखडतं आणि ४३० साधारण १० भाग. बेल्टवाला ते उंच आलेलं घासून टाकतो. तुम्हाला भांडं सपाट मिळतं, पण सपाट झाली ती फक्त टोपीची खालची बाजू. आतून बूड अजून खोलगटच आहे, शिवाय टोपी मध्ये पातळ झाली ती वेगळीच.

बेल्टला न गेलेला नग घ्या. बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून पट्टी लावून बघा.

इलाज डायमध्ये आहे, बेल्टमध्ये नाही. इम्पॅक्ट प्रेसच्या खालच्या ठोकळ्याला मध्ये उंचवटा आणि पंचाला तेवढीच खोली, म्हणजे गार झाल्यावर बूड मध्ये अर्धा मिलीमीटरभर वर राहील. २०० मापाला आम्हाला तेवढं पुरतं. फार वाढवू नका, काचेपासूनचं अंतर वाढलं की इंडक्शनची पकड कमी होते आणि काचेखालच्या सेन्सरला बुडाचं तापमान उशिरा कळतं. रिकामं भांडं विसरलं तर तोच सेन्सर वाचवणार असतो.

जोड सुटा आहे का ते पाहायला तळाशी पाण्याचा पातळ थर घ्या आणि मंद आचेवर ठेवा. बुडबुडे सगळीकडे साधारण एकाच वेळी यायला हवेत. एखादा डाग कोराच राहिला तर त्याच्याखाली पोकळी.

पत्र्याचा वैद्य

बफवाल्यांना पूर्ण अनुमोदन. आणखी एक, टोपीची कड अ‍ॅल्युमिनियमला पूर्ण झाकते ना? उघडं राहिलं तर डिशवॉशरची अल्कली ते खाऊन काळं करते.

हँडलबद्दल: जड भांड्याला रिव्हेट, हलक्याला स्पॉट वेल्ड. रिव्हेटच्या डोक्याभोवती आतून फट राहिली तर त्यात खारट पाणी साचून गंज धरतो, तेव्हा डोकं पूर्ण बसलेलं हवं. स्पॉट वेल्डचा निळा-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढल्याशिवाय माल बाहेर सोडू नका. आणि झाऱ्याच्या बफला साधं लोखंड लावलेलं असेल तर तोच बफ या भांड्यांना नको. लोखंडाचे कण स्टीलमध्ये रुततात, मग गिऱ्हाईक म्हणतं स्टील गंजलं.

धागाकर्ता

मंडळी, मोजून आलो.

बेल्टआधीच्या नगाचं बूड मध्ये ०.३ मिमी खाली आहे. आतून पट्टी लावली तर तेवढीच फट. बेल्ट झालेला एक नग मधोमध कापला, त्यात टोपी कडेला ०.५ आणि मध्ये जेमतेम ०.२ उरलीये. बफवाल्यांनी न बघता सांगितलं ते असं.

स्पेक्ट्रोचा निकालही आला: निकेल ४ च्या थोडं वर, मँगनीज ९ च्या आसपास. लॉट परत पाठवतोय. ड्रॉ झालेली भांडी कालपासून त्याच पाळीत ट्रिम करतोय, आज सकाळी मांडणीवर नवी चीर दिसली नाही.

इम्पॅक्ट प्रेसचा ठोकळा आणि पंच टूलरूमला दिलाय. ठोक्यातच बूड ०.८ ने वर उचलायचं, म्हणजे गार होताना ०.३ खाली आलं तरी अर्धा मिलीमीटर उरेल, असा हिशेब धरलाय. तो चुकत असेल तर आत्ताच सांगा, ठोकळा अजून कडक केलेला नाही. आणि १६० व २४० व्यासाच्या भांड्यांचे बाकाचे आकडे कोणाकडे असतील तर तेही इथेच टाका.