पट्टीला रंग आला नाही म्हणून पाणी चांगलं?

इथे एकाने कोकणातल्या दाभोळ खाडीकाठच्या विहिरीबद्दल लिहिलंय की पाण्यातलं क्रोमियम रंगावरून दाखवणारी पट्टी बुडवली, रंग आला नाही, म्हणजे पाणी प्यायला हरकत नाही. एवढ्यावर पिऊ नका हो, प्लीज. या टेस्टमध्ये बहुतेक डायफेनिलकार्बाझाइड नावाचं रसायन वापरतात, ते आम्लात फक्त सहा संयुजेच्या क्रोमियमबरोबर (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) जांभळा रंग देतं, पाण्यात शिसं किंवा आर्सेनिक असलं तरी त्यावरून काहीच कळणार नाही. त्यात आपल्याकडे जांभ्या दगडातलं लोखंड पाण्यात उतरतं, ते जास्त असलं की याच रसायनाशी पिवळट रंग येतो आणि फिका जांभळा त्यात ओळखूच येत नाही. बादलीत पाणी रात्रभर ठेवून बघा, तळाला तांबूस साका बसला तर लोखंडाचा संशय घ्या.

पाण्यातला पारा ओळखणं अजून अवघड. उन्हाळ्यात खाडीलगतच्या विहिरी मचूळ होतात, त्यातलं क्लोराइड पाऱ्याला धरून ठेवतं आणि पारा शोधणारे बरेच सेन्सर तिथेच फसतात, शिवाय पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे, इतकं कमी साध्या डोळ्यांनी रंगावरून सांगणं कठीणच.

पट्ट्या वाईट नाहीत, दहा विहिरींतली कुठली आधी लॅबला पाठवायची ते ठरवायला मस्त आहेत, फक्त रंग ट्यूबलाइटखाली न बघता दिवसाउजेडी बघा. आणि सॅम्पलची बाटली लॅबकडूनच आणा, धातूंसाठी त्यात नायट्रिक आम्ल घालतात नाहीतर धातू बाटलीलाच चिकटून राहतात. सहा संयुजेच्या क्रोमियमला मात्र ते आम्ल चालत नाही, त्याची बाटली वेगळी मागून घ्या.