शब्दचर्चा : अपडेट, अपग्रेड, मायग्रेशन – तिन्हींना ‘अद्यावत करणे’ म्हणून कसं चालेल?

टिळकवाडी, बेळगाव

आपल्याकडे वाचनालय, पतसंस्था, शाळा यांच्या संकेतस्थळाचं काम कुणाला द्यायचं झालं की कागद अनेकदा दोन-तीन भाषांत करावा लागतो. कन्नड रकान्यात तीन निरनिराळे शब्द सहज येतात : ‘नवीकरण’, ‘मेल्दर्जेगे एरिसुवुदु’ म्हणजे वरच्या दर्जाला चढवणं, आणि ‘स्थळांतर’. मराठी रकान्यात मात्र तिन्ही ठिकाणी एकच मजकूर दिसतो : ‘वेबसाइट अद्यावत करणे’. काम घेणारा त्याचा सर्वांत स्वस्त अर्थ लावतो, देणारा सर्वांत मोठा. या तीन कामांना मराठीत तीन वेगळे शब्द हवेत. कोणते घ्यावेत?

निपाणी

आधी शुद्धलेखनाचं. ‘अद्यावत’ हा शब्दच नाही. ‘अद्य’ म्हणजे आज आणि ‘यावत्’ म्हणजे पर्यंत; दोन्ही मिळून ‘अद्ययावत’. बोलताना एक ‘य’ गळतो, पण करारात तो गळू नये.

आता अर्थ. अद्ययावत म्हणजे आजपर्यंतचं. घर तेच, माणसं तीच, फक्त मागे राहिलेलं आजच्या तारखेला आणलं. हे अपडेटला चपखल बसतं. वर्डप्रेसमध्ये (संकेतस्थळ चालवायचं सॉफ्टवेअर) ६.४.१ वरून ६.४.२ वर जाणं हे अपडेट. असे छोटे, बहुतेक सुरक्षेचे बदल २०१३ मधल्या ३.७ आवृत्तीपासून आपोआप बसतात. पण वर्डप्रेसच्या हिशेबात ६.४ वरून ६.५ ही मोठी आवृत्ती धरतात. पहिला आकडा बदलला नाही म्हणून तिला किरकोळ समजू नये. ड्रुपल आणि जूमला या तशाच सॉफ्टवेअरचा हिशेब उलटा, तिथे पहिला आकडा बदलला की सावध व्हायचं. म्हणून करारात नुसतं ‘अद्ययावत करणे’ न लिहिता कोणत्या आवृत्तीवरून कोणत्या आवृत्तीवर ते लिहा. आकडा लिहिला की शब्दाचा अर्धा वाद मिटतो.

खानापूर

अपडेटला आमच्या भागात आयता शब्द आहे : शाकारणी. पावसाआधी छप्पर उतरवत नाहीत. फुटकी कौलं बदलतात, सरकलेली नीट बसवतात, कुजलेली रीप काढतात. दरवर्षी करतात, गळायला लागायच्या आधी करतात. गळल्यावर केली तर ती दुरुस्ती. वार्षिक देखभालीच्या करारात हा भेद लिहिलेला नसतो आणि तिथेच भांडण होतं. ‘देखभाल’ या शब्दात नियमित शाकारणी आहे, की फक्त बंद पडल्यावरची दुरुस्ती, ते स्पष्ट लिहायला हवं. महिन्यातून किती वेळा प्लगइन (साइटला जोडलेले छोटे प्रोग्राम) तपासायचे, बॅकअप किती दिवसांनी, आणि तो बॅकअप दुसरीकडे उघडून बघायचा की नाही, हेही. उघडून न पाहिलेला बॅकअप म्हणजे नुसती फाइल.

अपग्रेड म्हणजे वासे बदलणं. वरून घर तसंच दिसतं, पण ज्याच्यावर सगळं टेकलंय तेच बदललं. सर्व्हरवरची पीएचपी (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय ती) ७.४ वरून ८ च्या मालिकेत नेणं हे त्यातलं. ७.४ ला सुरक्षेचे बदल मिळणं नोव्हेंबर २०२२ मध्ये संपलं. ‘क्रिएट_फंक्शन’ आणि ‘ईच’ ही दोन जुनी फंक्शनं ८.० मध्ये काढून टाकली. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींत) ती सर्रास सापडतात, आणि ती ओळ आली की पान पांढरं पडतं. म्हणून आधी प्रतीवर (स्टेजिंगवर) पीएचपी बदलायची, एरर लॉग (चुकांची नोंद) वाचायचा, थीम दुरुस्त करायची, मगच चालू साइटला हात लावायचा.

आणि एक : अपडेट अर्ध्यावर तुटलं तर वर्डप्रेस ‘देखभाल चालू आहे’ एवढंच दाखवत राहतं. मुळाशी ‘डॉट मेंटेनन्स’ नावाची छोटी फाइल असते. ती १० मिनिटांनी आपोआप निष्प्रभ होते, काढून टाकली की लगेच सुटका. पण साइट दिसू लागली म्हणजे अपडेट पूर्ण झालं असं नाही. कोणती फाइल अर्धी राहिली ते पाहून अपडेट पुन्हा चालवा.

निपाणी

शाकारणी आवडला. पण करारात हा शब्द बेळगाव शहरातल्या नव्या पिढीला कळेल का, शंका आहे. बोलण्यात शाकारणी, कागदावर ‘नियमित देखभाल’, असं करू. अपग्रेडसाठी ‘श्रेणीवर्धन’, ‘उन्नयन’ वगैरे मात्र नकोत, कन्नडातला ‘वरच्या दर्जाला चढवणं’ जास्त जिवंत आहे. मराठीत ‘आवृत्ती वाढवणे’ एवढं सरळ लिहावं.

चिक्कोडी

मायग्रेशनचा खरा तिढा आहे, आणि तो सोडवायला संस्कृतचा ‘अंतर’ हा एकच तुकडा पुरतो. ‘स्थलांतर’मधलं अंतर म्हणजे दोन गावांमधलं अंतर नव्हे. इथे ‘अंतर’ म्हणजे दुसरा : भाषांतर म्हणजे दुसरी भाषा, रूपांतर म्हणजे दुसरं रूप, देशांतर म्हणजे दुसरा देश. इंग्रजी ‘मायग्रेशन’ हा एकच शब्द चार कामांना लावला जातो. मराठीत काय बदलतंय ते शब्दातच सांगता येतं.

फक्त होस्टिंग (साइट ठेवायची जागा) बदललं, सॉफ्टवेअर तेच : स्थलांतर. बिऱ्हाड हलवलं, भांडी तीच.

सॉफ्टवेअरच बदललं : रूपांतर. ड्रुपल ७ वरून ड्रुपल १० वर जाणं याला ‘अपग्रेड’ म्हणतात, पण ते अपग्रेड नाहीच. ड्रुपल ७ चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. ८ पासून रचना मुळातून वेगळी झाली, त्यामुळे जुन्या साइटवर नवी बसत नाही. शेजारी नवी कोरी साइट उभारायची आणि मायग्रेट मोड्यूलने जुन्या डेटाबेसमधून मजकूर ओढून घ्यायचा. लेख, वापरकर्ते, टॅक्सोनॉमी (वर्गवारी) येतात. थीम येत नाही, कारण तिची भाषाच बदलून ट्विग झाली. व्ह्यूज म्हणजे तयार केलेल्या याद्या आपोआप येत नाहीत, त्या हाताने पुन्हा बांधायच्या. याउलट ८ वरून ९ वर जाणं, जे जून २०२० पासून शक्य झालं, ते खरोखर आवृत्ती वाढवणं होतं : बहुतेक तोच कोड, कालबाह्य भाग काढलेला. दोन्ही कामांना एकच शब्द लावला तर मजुरीचा अंदाज पार चुकतो.

जाता जाता ‘ल’-‘ळ’चं : कन्नडात स्थळांतर, मराठीत स्थलांतर. सुटा शब्द स्थळ, संकेतस्थळ. पण अंतर जोडलं की मराठी ‘ल’ ठेवते. तीन भाषांचा कागद एकमेकांवरून उतरवताना ही चूक हमखास शिरते.

शहापूर, बेळगाव

मग डोमेन, म्हणजे साइटचं नाव, बदललं तर नामांतर म्हणा. आपल्याला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून कर्नाटकातल्या १२ शहरांची सरकारी नावं बदलली, त्यात रोमन लिपीतलं ‘बेलगाम’ (Belgaum) जाऊन ‘बेळगावी’ (Belagavi) आलं. तेव्हापासून जुन्या साइटवर रोमन नाव बदलण्याचं काम निघतच असतं, आणि बहुतेक लोक ते डेटाबेसमध्ये थेट ‘शोधा आणि बदला’ चालवून करतात. तिथेच साइट मोडते.

कारण असं. वर्डप्रेस विजेट आणि थीमच्या बऱ्याच सेटिंगा ‘सीरियलाइज’ करून ठेवतं, म्हणजे मजकुराच्या आधी त्याची लांबी बाइटमध्ये लिहितं. रोमन जुन्या नावात ७ अक्षरं, नव्यात ८. मजकूर एका बाइटने वाढला, पण आधीचा आकडा तोच राहिला की पीएचपीला ती नोंद वाचता येत नाही आणि विजेट गायब. एचटीटीपीचं एचटीटीपीएस करतानाही हेच : एक अक्षर वाढतं. उपाय म्हणजे डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला टंकून आज्ञा द्यायचं साधन) यातली ‘सर्च-रिप्लेस’ ही आज्ञा. ती लांबी पुन्हा मोजते. आधी ‘ड्राय-रन’ लावून किती ठिकाणी बदल होणार ते पाहायचं. ईमेल पत्ते आणि फोटोंच्या फाइलींची नावं त्यात सापडली तर ती वगळायची. पत्त्यातलं जुनं नाव बदललं की पत्र कुठेच पोचत नाही. लेखांचा ‘जीयूआयडी’ (कायमची ओळख) रकानाही वगळायचा.

निपाणी

चौथं काम राहिलं, आणि मराठी साइटला तेच सर्वांत महाग पडतं. जुना मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-आकड्यांत, आणणं. याला कागदोपत्री ‘लिप्यंतर’ लिहितात. ते चूक आहे. लिपी देवनागरीच होती, देवनागरीच राहिली. बदलले ते अक्षरांमागचे आकडे. लोक ‘युनिकोड करणे’ म्हणतात, तेच ठेवावं.

कारण इथे बिघाडाचे चार प्रकार आहेत आणि आपण चारींना ‘फॉन्ट उडाला’ म्हणतो. शब्द वेगळे केले तर निदान आपोआप होतं :

चौकोन दिसले, तर मजकूर शाबूत आहे, वाचणाऱ्याच्या यंत्रात फॉन्ट नाही. डेटाबेसला हात लावू नका.

विनाकारण इंग्रजी अक्षरं आणि विरामचिन्हं दिसली, तर मजकूर श्रीलिपी, शिवाजी, किंवा कन्नड पानांवर नुडी, अशा जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागेल. रफार आणि पहिली वेलांटी यांची जागा बदलते, म्हणून युनिकोड केल्यानंतर ‘र्’ आणि ‘ि’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासावेतच.

टोपी, टिंबं असलेली युरोपीय अक्षरं, दर अक्षरामागे दोन-तीन, दिसली तर यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची पद्धत) चे बाइट लॅटिन१ (युरोपीय अक्षरांची जुनी पद्धत) समजून वाचले गेलेत. हे वाचवता येतं. पण रकाना लॅटिन१ वरून थेट यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं यूटीएफ-८ चं पूर्ण रूप) वर नेलात तर तीच कचरा अक्षरं कायमची होऊन बसतील. आधी रकाना बायनरी (ब्लॉब) करायचा, मग यूटीएफ८एमबी४. अर्थात प्रतीवर.

आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसली, तर मजकूर गेला. साठवतानाच गेला. जुना बॅकअप हाच एक आधार.

मायएसक्यूएल या डेटाबेसचं जुनं ‘यूटीएफ८’ एका अक्षराला ३ बाइटच देतं. देवनागरी आणि कन्नड त्यात मावतात, म्हणून वर्षानुवर्षं अडचण कळत नाही. इमोजी आणि मोडी लिपी यांना ४ बाइट लागतात. मोडी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली. वर्डप्रेसने एप्रिल २०१५ च्या ४.२ आवृत्तीत चार बाइटवाल्या यूटीएफ८एमबी४ कडे वळण घेतलं. जुनी मोडी कागदपत्रं साइटवर टाकायचा विचार असेल तर डेटाबेसचे तक्ते आधी तपासा.

खानापूर

रिडायरेक्टला, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला नव्यावर पाठवण्याला, काय म्हणायचं? मराठी विकिपीडियावर ‘पुनर्निर्देशन’ आहे. अर्थ बरोबर, पण उच्चारताना जीभ अडखळते.

चिक्कोडी

‘वळवणे’. सर्व्हरच्या उत्तरातला आकडा ३०१ म्हणजे कायमचं वळवणं, ३०२ म्हणजे तात्पुरतं. सरकारी भाषेत हवं तर ३०१ ही बदली आणि ३०२ ही प्रतिनियुक्ती. जुनं पान नव्या कुठल्याच पानाशी जुळत नसेल तर सगळी पानं मुखपृष्ठावर वळवू नयेत. तिथे ४१०, म्हणजे ‘काढून टाकलं’, हे खरं उत्तर.

पानांच्या मराठी पत्त्यांचा मात्र वेगळा हिशेब आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, अनुस्वार वेगळा, पत्त्यात टक्का-चिन्ह (%) लावलेल्या रूपात ९ जागा घेतं. वर्डप्रेसमध्ये पानाच्या नावाला २०० जागा आहेत, म्हणजे जेमतेम २२ चिन्हं. ‘सीमाभागातील-मराठी-शाळांची-यादी’ हे शीर्षक दिलंत तर पत्ता ‘सीमाभागातील-मराठी-शाळांच’ इथेच तुटतो. शेवटची वेलांटीसुद्धा बसत नाही. हे जुन्या साइटवर कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तुटलेला पत्ताही चालतो. नव्या सॉफ्टवेअरमध्ये शीर्षकावरून पूर्ण पत्ता तयार होतो, आणि जुने सगळे दुवे ४०४ (पान सापडलं नाही) देतात. म्हणून वळवण्याची यादी शीर्षकांवरून कधीच करू नये. जुन्या डेटाबेसमधल्या ‘पोस्ट_नेम’ रकान्यावरून करावी.

शहापूर, बेळगाव

त्यात ‘ऱ’ची भर घाला. ‘शेतकऱ्यांचा-मेळावा’ नावाचा फोटो. ‘ऱ’ एकच चिन्ह म्हणून लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. डोळ्यांना फरक नाही, सर्व्हरला आहे. जुन्या मॅकवरच्या एचएफएस प्लस या फाइली ठेवायच्या पद्धतीतून फाइली नेल्या की एकाचे दोन होतात आणि नेमके ‘ऱ’ असलेले फोटो दिसेनासे होतात. बाकी सगळे ठीक. मजकुरात ‘र’, हलन्त आणि शून्य-रुंदीचा जोडक असं लिहिणारेही आहेत, त्यामुळे साइटवरच्या शोधात ‘दऱ्या’ सापडतं आणि सापडत नाही. रूपांतरावेळीच सगळीकडे एकच रूप करून घ्यावं, आणि फाइलींची नावं रोमन ठेवावीत.

टिळकवाडी, बेळगाव

कागदासाठी मजकूर असा करतो : ‘नियमित देखभाल’, ‘आवृत्ती वाढवणे (… वरून … वर)’, ‘स्थलांतर’, ‘रूपांतर’, ‘नामांतर’, ‘मजकूर युनिकोड करणे’ आणि ‘जुने पत्ते कायमचे वळवणे’. प्रत्येकाचा दर वेगळा. काही राहिलं?

खानापूर

‘जुने पत्ते कायमचे वळवणे’च्या पुढे मुदत घाला : किमान १ वर्ष, आणि तोवर जुन्या डोमेनचं नूतनीकरण करायची जबाबदारी कुणाची तेही. स्थलांतराच्या ओळीत टीटीएल (साइटची जुनी जागा किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा) घाला. ते ८६४०० सेकंद म्हणजे एक दिवस असेल तर हलवायच्या निदान एक दिवस आधी ३०० वर आणायचं, नाहीतर काही वाचक दिवसभर जुन्या जागीच जातील आणि तिथे लिहिलेले अभिप्राय नव्या जागी येणार नाहीत. आणि रूपांतराच्या ओळीत : प्रतीवर लावलेली ‘शोधयंत्रांना बंदी’ची खूण साइट खुली करताना काढली का, हे तपासून सही.

निपाणी

आणि ‘अद्ययावत’मध्ये दोन ‘य’.