कचऱ्याच्या फीमधून सुक्या कचऱ्याचं सामाईक केंद्र चालवायचं का? बोला मंडळी

मानेवाडा_लेआउटवाला

नमस्कार. रविवारी आमच्या लेआउटची बैठक झाली, सुरू झाली पार्किंगवरून अन् येऊन थांबली कचऱ्यावर. तिथे मी एक गोष्ट मांडली तं अर्धे लोक माझ्यावरच धावून आले, म्हणून इथे सगळं नीट लिहून राहिलो, माझं काय चुकते ते सांगा.

माझं म्हणणं एवढंच की कचरा उचलायची जी युजर फी घराघरातून घ्यायची असते, तिच्यातला एक ठरलेला हिस्सा वेगळा काढावा अन् त्यातून सुका कचरा निवडायची सामाईक केंद्रं चालवावी. आपल्या नागपूर शहरात दहा झोन आहेत, दोन-दोन झोन मिळून एक धरलं तरी पाच होतात. शेड, निवडायचा पट्टा, गठ्ठे बांधायचं प्रेस मशीन, वजनकाटा, अन् निवडणाऱ्यांना दर महिन्याला पगार. कामठी, वाडीसारखी बाजूची गावंपण खर्च वाटून त्यात येऊ शकतात.

हे डोक्यात आलं कसं तेही सांगतो. मी महिनाभर घरचा सुका कचरा एका पोत्यात जमवला. चार माणसांचं घर आमचं. महिना संपल्यावर अंगणात ओतला. पेपर, गत्ता, तेलाचे दोन डबे, बाटल्या हे सगळं कबाडीवाल्याने तोलून नेलं. उरलं काय? चिप्सची पाकिटं, शॅम्पूच्या पुड्या, बिस्किटांचे कागद, पार्सलच्या फुग्याफुग्यांच्या पिशव्या, गोळ्यांची रिकामी पानं, टूथपेस्टच्या ट्यूबा, एक फुटका मग. ढीग याचाच मोठा होता. कबाडीवाला म्हणे, भाऊ हे फुकट दिलं तरी नाही नेत. मग हे जाते कुठं, भांडेवाडीच्या डम्पिंगला. ज्याला भाव आहे त्याची काळजी बाजार घेतोच आहे, प्रश्न या बिनभावाच्या मालाचा आहे, अन् त्याचा खर्च ज्याच्या घरातून तो निघाला त्यानेच द्यावा असं मला मनापासून वाटते.

नंदनवनचा_करदाता

माझा साफ विरोध. घरटॅक्स भरतो, पाण्याचं बिल भरतो, त्यावर कचऱ्याची फी अन् आता त्या फीच्या पोटात आणखी एक खर्च. कचरा उचलून त्याची विल्हेवाट लावणं हे महापालिकेचं मूळ काम आहे, ते टॅक्समधूनच झालं पायजे.

अन् दुसरं. आम्ही ओला-सुका वेगळा करून देतो. गेल्या महिन्यात मी गाडीच्या मागे उभा राहून पाहिलं, दोन्ही डबे एकाच कप्प्यात ओतले. घरी येऊन सांगितलं तं आई म्हणाली मग मी दोन-दोन डबे कायले घासू? माझ्याकडे उत्तर नव्हतं. जिथे गाडीतच एक होऊन राहिलं तिथे पुढे पट्टा लावून कोण काय निवडणार?

माझ्या मामाच्या गावीपण असंच शेड झालं होतं. मशीन आलं, नारळ फोडला, फोटो निघाले. मग बिल थकलं म्हणून लाइन कापली. आता तिथे बकऱ्या बांधतात. पैसे देऊन पुन्हा तेच पाहायची माझी तयारी नाही.

मानेवाडा_लेआउटवाला

दादा, तुमच्या मामाच्या गावचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. शेड अन् मशीन एखाद्या योजनेतून मिळून जाते, स्वच्छ भारतचा शहरांसाठीचा दुसरा टप्पा १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला त्यातही अशा केंद्रांसाठी पैसा आहे. पण लाइटबिल, पगार, पट्ट्याची दुरुस्ती, हे दर महिन्याचं कोण देणार हे कोणी ठरवतच नाही, म्हणून तं लाइन कापली जाते. फी बांधायला नाही, चालवायला पायजे.

गाडीतल्या मिसळण्याचं मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, ते थांबल्याशिवाय केंद्राला काही अर्थ नाही.

इतवारीचा_पोरगा

भाऊ, माझ्या बापाचं इतवारीत भंगारचं दुकान हाय, मी शाळेत असल्यापासून मालावर बसतो, तं माझंही ऐका.

प्लास्टिक आम्ही कानाने ओळखतो. पन्नी हातात चोळली अन् कडकड वाजली तं एचएम, मऊ लागली अन् आवाज नाही आला तं एलडी, ह्या पन्नीच्या दोन जाती, दोघींचा भाव वेगळा. दुधाची पिशवी धुवून वाळवून आली तं पैसे हाय, अन् आत दूध राहिलं तं दोन दिवसांत पोतंभर मालाले वास लागते, मग घेणारा तोंड फिरवते. अन् ते चिप्सचं पाकीट, आतून चांदीसारखं चमकते ना, त्यात थरावर थर चिकटवलेले असतात, ते सुटे होत नाहीत म्हणून त्याले गिऱ्हाईक नाही. आम्ही काही मस्तीत येऊन नाही म्हणत नाही.

आता मले सांगा, फीच्या पैशावर तुमचं केंद्र उघडलं की ते सगळ्यात आधी काय घेईल? गत्ता, बाटली, लोखंड. म्हणजे आमचाच माल. आम्ही दुकानाचं भाडं देतो, हमाल लावतो, पावसात गत्ता भिजला तं नुकसान आमचं. २०२० मध्ये कच्चं तेल पडलं, नवीन प्लास्टिकच स्वस्त झालं, तवा जुना माल कोणी उचलत नव्हतं, बापाने उधारीवर घर चालवलं, आमाले कोणी फी नाही दिली. अन् आमच्या मागे त्या बाया हायेत ज्या पहाटे पाच वाजता पोतं घेऊन निघतात, त्यायचं काय? हे सगळं मोडून केंद्र होत असंल तं माझा विरोध हाय. तुमचं केंद्र फक्त तो बिनभावाचा माल घेत असंल तं बसून बोलू.

धंतोलीची_आता_पुण्यात

इतवारीवाल्या दादांचा मुद्दा मलाही सगळ्यात मोठा वाटतो. मी बारा वर्षांपासून पुण्यात आहे, आमच्या सोसायटीत 'स्वच्छ' या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या ताई येतात, २००८ पासून महापालिकेशी त्यांचा करार आहे. दर महिन्याला घरामागे ठरलेली फी त्या स्वतः घेतात, अन् सुक्या मालाच्या विक्रीचे पैसेही त्यांचेच. म्हणजे फी आली म्हणून गरीब माणूस बाहेर फेकला गेला असं झालं नाही, उलट फीवरच त्याचं घर चालतं. आमच्या ताईंचा कचरा निवडताना हात इतका भराभर चालतो की बघत राहावं, अन् मध्येच डायपर किंवा फुटकी काच आली की तोच हात थबकतो. काच पेपरात गुंडाळून वर लाल खूण करा म्हणून त्या तीन वर्षं सांगत आहेत, अजून निम्मे लोक ऐकत नाहीत.

नागपुरात केंद्र झालंच तर काम आधीपासून हे करणाऱ्यांनाच द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांतच कचरावेचकांना सामावून घ्या असं स्पष्ट लिहिलेलं होतं, कोणाची मेहरबानी नाही ती.

नंदनवनचा_करदाता

ताई, पुण्याचं पुण्यात जमलं कारण तिथे कचरावेचकांची संघटना १९९३ पासून उभी आहे, महापालिकेसमोर बसून बोलणारी. आपल्याकडे तेवढी ताकद कुठंय? इथे २०१९ मध्ये कचरा उचलायचे पाच-पाच झोन दोन कंपन्यांमध्ये वाटून टाकले. फीचा पैसा वाढला तर तो त्या बायांपर्यंत पोचणार की ठेक्याच्या बिलात जिरणार, याची हमी कोण देणार? मले दहा रुपयांचं दुःख नाही, ते कुठं गेले हे कळत नाही याचं आहे.

हिशेबनीस_प्रतापनगर

दहा रुपयांचा विषय निघालाच आहे तर गणित करून पाहू. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. घरात पाच माणसं धरली तर ४ लाख ८० हजार घरं. घरामागे महिन्याचे १० रुपये या कामासाठी वेगळे काढले अन् सगळे वसूल झाले असं धरलं तर ४८ लाख महिना, वर्षाचे पावणेसहा कोटी. आता वसुली सगळी होत नाही, अर्धी धरा, तरी पावणेतीन कोटींच्या वर. पाच केंद्रांना वाटले तर एकाला वर्षाचे ५७-५८ लाख. यात तीस माणसांचा पगार अन् लाइटबिल तं निघते, पण जास्त काही उरत नाही. म्हणजे मालाच्या विक्रीचे पैसे लागतीलच, अन् इतवारीचे दादा म्हणतात तसं फक्त बिनभावाचा माल घ्या म्हटलं तर विक्रीतून येणारच काय? ही खरी गाठ आहे अन् ती दोघांपैकी कोणीच सोडवलेली नाही.

माझं स्वतःचं मत बाजूने आहे, पण एका अटीवर. खातं वेगळं, अन् दर महिन्याला किती टन आलं, किती विकलं, किती भांडेवाडीला गेलं हे केंद्राच्या गेटवर बोर्ड लावून लिहायचं, रेशन दुकानात साठ्याचा फळा असतो ना तसं.

हिंगणा_एमआयडीसी

सगळे घरवाल्यांच्याच खिशाकडे पाहून राहिले. ते पाकीट बनवलं कोणी? चिप्सवाल्या कंपनीने. मग तिने द्यावं. फेब्रुवारी २०२२ पासून प्लास्टिक पॅकेजिंगसाठी ईपीआर लागू आहे, जेवढं बाजारात टाकलं त्या हिशोबाने परत घेऊन प्रक्रिया करायची जबाबदारी कंपनीची. जर्मनीत तर १९९१ पासून पॅकिंगचा भार उद्योगावर टाकला आहे. आपण घराघरातून फी घेतली की कंपन्या मोकळ्या सुटतात. म्हणून माझा विरोध.

मानेवाडा_लेआउटवाला

तुमच्या मूळ मुद्द्याशी मी सहमत आहे, पण कंपनीकडून पैसा मागायला आधी माल निवडून, तोलून, गठ्ठा बांधून हातात तं पायजे. ओल्या भाजीत बरबटलेली पाकिटं दाखवून कोण पैसे देईल? अन् दुसरं, ज्या मालाची उष्णता किलोमागे १५०० किलोकॅलरीच्या वर आहे तो पुन्हा वापरता येत नसला तरी डम्पिंगला गाडायचा नाही असं २०१६ च्याच नियमांत होतं. असा माल सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून चालतो, अन् सिमेंट कारखाने आपल्या शेजारीच चंद्रपूर जिल्ह्यात आहेत. पण तिथेही तो कोरडा अन् निवडलेलाच लागतो.

पारडीकडची

मी भांडेवाडीच्या जवळ राहते. तुमचं सगळं वाचलं. उन्हाळ्यात तिकडे आग लागली की आमच्या घरात काय होते ते एकदा येऊन पाहा. कूलर सुरू ठेवला तर तो बाहेरचा धूर आत ओढते, बंद केला तर ४५ डिग्रीत लेकरू रडते. आम्ही खिडकीला ओली चादर लावतो, सकाळी ती काळी झालेली असते. माझ्या सासूबाईंना दमा आहे, त्या दिवसांत मी त्यांना नणंदेकडे पोचवून देते.

तुमच्या घरातला बिनभावाचा माल आमच्या छातीत जातो अन् इथे दहा रुपयांवर एवढं चाललं आहे. माझा फीला पाठिंबा आहे, पण एक गोष्ट लिहून ठेवा, ही पाचही केंद्रं पुन्हा आमच्याच बाजूला आणून ठेवायची नाहीत. लक्ष्मीनगर, धरमपेठ झोनचा सुका कचरा त्यांच्याच झोनमध्ये निवडला गेला पायजे. तुमच्या लेआउटच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर शेड चालेल का तुम्हाला, हे आधी सांगा.

टेका_नाक्याहून

बाजूने की विरोधात ते नंतर, पण दोन खोल्यांचं घर अन् तीन मजली बंगला, दोघांना सारखेच दहा रुपये हे मला पटत नाही. दक्षिण कोरियात १९९५ पासून कचऱ्याची ठरावीक पिशवी विकत घ्यायची पद्धत आहे, जेवढा कचरा तेवढे पैसे, अन् निवडलेला सुका माल फुकट देता येतो. असं काही करा.

हिशेबनीस_प्रतापनगर

विचार चांगला आहे पण पिशवीला पैसे लावले की आपल्याकडे कचरा रात्री नाल्यात जाणार. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं ते कोणी विसरलं नसेल, त्यानंतर आमच्या मागच्या नाल्यातून गाळ काढला तेव्हा जाळीला थर्माकोल अन् पन्न्या अक्षरशः विणल्यासारख्या अडकल्या होत्या. त्यापेक्षा घराच्या बांधकामाच्या क्षेत्रफळावर फी लावा, छोट्या घरांना नाममात्र. हॉटेलं, मंगल कार्यालयं जी दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करतात, त्यांना वेगळा दर.

नंदनवनचा_करदाता

इंदूरचं कोणी कसं नाही काढलं अजून? २०१७ पासून स्वच्छ शहरांत पहिला नंबर घेत राहिले, तिथे लोक फी भरतात, तरी मी विरोधातच आहे, कारण तिथे आधी गाडी रोज वेळेवर येऊ लागली, कप्पे वेगळे झाले अन् मग लोक भरायला लागले. आपण उलट्या टोकाने निघालो. 

पारडीच्या ताईंचं वाचून मात्र मी बराच वेळ थांबलो. माझं शेवटचं असं आहे, एका झोनमध्ये सहा महिने कप्पे वेगळे ठेवून दाखवा अन् तो बोर्ड लावा. मी स्वतः गल्लीतून फी गोळा करून देईन. तोवर एक रुपया नाही.

मानेवाडा_लेआउटवाला

पारडीच्या ताई, मोकळ्या प्लॉटबद्दल तुम्ही विचारलं, त्याचं उत्तर मी एकटा देऊ शकत नाही पण येत्या रविवारी हाच प्रश्न पहिला ठेवतो, अन् माझं मत हो असंच आहे. मागणी आता अशी बदलली आहे: आधी एक झोन, फी क्षेत्रफळावर, खातं अन् बोर्ड वेगळा, काम आताच्या कचरावेचक बायांना, अन् पहिलं वर्ष केंद्राने फक्त कबाडी घेत नाही तोच माल घ्यायचा, कमी पडेल तो पैसा मोठ्या हॉटेल-मंगल कार्यालयांच्या फीतून. इतवारीचे भाऊ, तुम्ही बैठकीला याल का? माल कसा ओळखायचा ते दाखवा लोकांना.

इतवारीचा_पोरगा

येतो ना. दुकान दोन वाजता बंद करतो, तीनपर्यंत पोचतो. पन्न्यायचे नमुने घेऊन येईन. अन् तवर एक काम करा सगळे जण, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकता ठेवा. तो बोटाएवढा तुकडा एकदा सुटला की आमच्याच्यानं गोळा नाही होत, तो सरळ नालीतच जाते.